समाजशास्त्रातले विचारवंत वाचायचे कसे? एका अभ्यासिकेच्या आधाराने

यूपीएससीला समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय घेतला की पहिल्या पेपरच्या अभ्यासक्रमात सहा विचारवंत नावानिशी येतात: मार्क्स, दुर्खाइम, वेबर, पार्सन्स, मर्टन आणि मीड. दुसऱ्या पेपरात मुख्यतः घुर्ये, एम. एन. श्रीनिवास आणि ए. आर. देसाई. नऊ नावं आणि प्रत्येकाच्या चार-पाच संकल्पना पाठ करणं फारसं अवघड नाही. घोटाळा पुढे होतो. व्याख्या तोंडावर असतात, पण समोर एखादा खराखुरा प्रसंग ठेवला की कोणती संकल्पना कुठे लावायची ते सुचत नाही. मग उत्तरात सगळ्यांना थोडी थोडी जागा मिळते आणि त्या प्रसंगाबद्दल काहीच हाती लागत नाही.

सिद्धांत आपल्याकडे उत्तर म्हणून शिकवला जातो. तो ज्या प्रश्नाचं उत्तर होता तो प्रश्न मात्र वर्गात पोचतच नाही. म्हणून प्रत्येक विचारवंताच्या नावाने एक पान घ्या आणि त्यावर पाच गोष्टी लिहा. कोणत्या पेचाने तो अस्वस्थ झाला होता. तो बघतो कशाकडे: एकट्या माणसाकडे, दोघांमधल्या व्यवहाराकडे, वर्गाकडे, की सबंध समाजाकडे. त्याच्या मते कशामुळे काय घडतं. पुरावा म्हणून त्याने काय ठेवलं. आणि त्याचं म्हणणं कुठे अडकतं. तिसरी गोष्ट लिहिता आली नाही तर तुम्ही फक्त शब्द पाठ केला आहे. पाचवी लिहिता आली नाही तर तुम्ही त्याचे भक्त झाला आहात.

हे करून बघायला एकच प्रसंग सगळ्यांपुढे ठेवावा. पुण्यात तो शोधायला लांब जावं लागत नाही. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यात स्पर्धा परीक्षांची अख्खी वस्ती आहे: अभ्यासिका, क्लास, मेस, कॉट बेसिसवरच्या खोल्या, टेस्ट सिरीजच्या झेरॉक्स. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर इथून मुलंमुली येतात, काही वर्षं राहतात, त्यांतल्या थोड्यांची पोस्ट निघते. अशी एक अभ्यासिका डोळ्यांसमोर ठेवू.

ही समाजशास्त्राची बाब का, हे सी. राइट मिल्स या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ मध्ये सांगून ठेवलं आहे. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचा स्वभाव, कौशल्य, संधी तपासा. पण पाच कोटी नोकरदारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर कारण माणसांच्या स्वभावात सापडणार नाही, संधींची रचनाच बघावी लागेल. पहिली खासगी अडचण, दुसरा सार्वजनिक प्रश्न. एक मुलगा चौथ्या अटेम्प्टलाही अडकला, तर ‘अभ्यास कमी पडला’ हे स्पष्टीकरण चालू शकेल. टेबलामागून टेबलं तशीच भरलेली असतील तर चालणार नाही.

विषयाला नाव दिलं ते ऑग्युस्त कॉम्त याने, १८३० च्या दशकाच्या अखेरीस, फ्रान्समध्ये. राज्यक्रांतीने जुनी व्यवस्था मोडली होती, नवी बसत नव्हती, आणि समाजाचेही नियम शोधता येतील अशी त्याची खात्री होती. मानवी विचार धार्मिक, तात्त्विक आणि प्रत्यक्षवादी अशा तीन अवस्थांतून जातो हा त्याचा सिद्धांत आज कोणी फारसा वापरत नाही. त्याच्या ग्रंथाचा संक्षेप इंग्रजीत १८५३ मध्ये आणणाऱ्या हॅरिएट मार्टिनो यांनी मात्र त्याआधीच, १८३८ मध्ये, परक्या समाजाचं निरीक्षण कसं करावं यावर पुस्तक लिहिलं होतं. तिथली स्मशानं, तुरुंग, लग्नाच्या चाली बघा, नुसत्या लोकांच्या बोलण्यावर जाऊ नका, अशा प्रकारच्या सूचना त्यात आहेत. पाठ्यपुस्तकांनी त्यांना ‘कॉम्तच्या अनुवादक’ एवढ्यावर बसवलं, हा अन्याय आहे. हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताबद्दल इतकंच की पुण्यात तो फार लवकर वाचला गेला. आगरकरांच्या विवेकवादावर जॉन स्टुअर्ट मिल आणि स्पेन्सर या दोघांची छाप आहे. समाज साध्याकडून गुंतागुंतीकडे उत्क्रांत होतो हे त्याचं मुख्य सूत्र.

आता मार्क्स. अभ्यासिकेत आल्यावर तो पहिल्यांदा मालकी विचारेल. जागा कोणाची, भाडं कोणाला जातं, क्लासची फी कुठे जमा होते, आणि ती भरायला गावाकडे काय विकलं किंवा गहाण ठेवलं. दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात (१८६७) त्याने श्रमिकांच्या राखीव फौजेची मांडणी केली. कामाची वाट बघणारी माणसं मोठ्या संख्येने उभी असली की आत काम करणाऱ्यांची मजुरी वाढत नाही, कारण ‘तू नाही तर दुसरा’ हे मालकाला म्हणता येतं. कंत्राटी शिक्षक, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, खासगी बँकेतला पदवीधर यांचे पगार आणि सदाशिव पेठेतली भरलेली टेबलं यांचा संबंध या वाटेने जोडता येतो.

मार्क्स लिहिताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे वर्ग म्हणजे उत्पन्नगट समजणं. मार्क्सचा वर्ग ठरतो तो उत्पादनाच्या साधनांशी असलेल्या नात्यावरून. चांगला पगार घेणारा कामगार आणि कर्जात बुडालेला छोटा कारखानदार हे त्याच्या हिशोबात वेगळ्या बाजूंना असतात. गंमत अशी की वर्गाची नेमकी व्याख्या करायला घेतलेलं तिसऱ्या खंडातलं प्रकरण थोड्याशा मजकुरानंतर तुटतं. तो खंड मार्क्सच्या मृत्यूनंतर त्याचा सहकारी एंगल्सने १८९४ मध्ये छापला. अभ्यासिकेतला विद्यार्थी नेमका कोणत्या वर्गात, हे मार्क्सवरून ठरवताना म्हणूनच दमछाक होते.

मार्क्स अडकला ती दुसरी जागा आपल्या जवळची आहे. १८५३ मध्ये त्याने ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’मध्ये भारतावर लेख लिहिले. त्याच वर्षी १६ एप्रिलला मुंबई ते ठाणे रेल्वे धावली होती. रेल्वेमागून उद्योग येतील आणि जाती ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर उभ्या आहेत ती विरघळेल, असा त्याचा अंदाज होता. रेल्वे आली, गिरण्या आल्या आणि जात गिरणीच्या आत जाऊन बसली. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत, कारण तिथे धाग्याला तोंड लावावं लागे.

अंदाज का चुकला, हे समजायला ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात वाचलेला निबंध बघावा लागतो. लेखक होते भीमराव आंबेडकर, वय २५. जात कामावरून ठरते, रक्तावरून ठरते की शिवाशिवीवरून, या तेव्हाच्या वादांना बाजूला सारून त्यांनी एकच गोष्ट मध्यभागी ठेवली: गटाच्या आतच लग्न. भारतीय समाज मुळात गोत्राबाहेर लग्न करणारा, त्यावर ही अंतर्विवाहाची सक्ती चढवली गेली. मग ती टिकवायची कशी?

इथून त्यांची मांडणी जवळजवळ गणितासारखी चालते. बाहेर लग्न बंद केलं की गटात विवाहयोग्य स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या सारखी राहायला हवी. नवरा आधी वारला तर एक स्त्री जास्तीची उरते, बायको आधी वारली तर एक पुरुष. जास्तीची स्त्री गटाबाहेर लग्न करेल, किंवा गटातल्या दुसरीचा वाटा घेईल. तिला नवऱ्याबरोबर जाळायचं किंवा जन्मभर वैधव्यात ठेवायचं, हे दोन मार्ग. जास्तीच्या पुरुषाला जाळलं जात नाही, कारण सत्ता पुरुषांकडे आहे. त्याला ब्रह्मचर्य सांगितलं जातं, ते पाळलं जाणं कठीण, म्हणून अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी त्याला दिली जाते. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या सुट्या वाईट चाली राहत नाहीत. अंतर्विवाह टिकवण्यासाठी लागणारी ती साधनं ठरतात. एका वर्गाने स्वतःभोवती दार लावून घेतलं आणि इतरांनी अनुकरण केलं, हा प्रसाराचा भाग. अनुकरणाचा सिद्धांत त्यांनी गाब्रिएल तार्द या फ्रेंच विचारवंताकडून घेतला. पुढे १९३६ मध्ये त्यांनी जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे असं लिहिलं, तेव्हा मार्क्सच्या रेल्वेला उत्तर मिळालं: काम बदललं तरी लग्नाचं कुंपण जागेवरच राहतं.

अभ्यासिकेत हे कसं तपासायचं? एका टेबलावर सगळ्या जातींची मुलं शेजारी बसतात, डबा वाटून खातात. ‘आता जात राहिली नाही’ असा निष्कर्ष इथे थांबणारा माणूस काढेल. आंबेडकरांची कसोटी पुढची आहे: पोस्ट निघाल्यावर स्थळं कुठून येतात ते बघा. ती बहुतेक जातीतूनच येतात. एकत्र बसणं आणि कुंपण मोडणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्या वेगळ्या मोजाव्या लागतात.

तार्दशी उभा दावा मांडला होता तो एमिल दुर्खाइमने. १८९५ मध्ये त्याने समाजशास्त्राच्या पद्धतीचे नियम लिहिले. त्यात सामाजिक तथ्य ही कल्पना आहे: वागण्याची, विचार करण्याची अशी रीत जी व्यक्तीच्या बाहेर असते आणि तिच्यावर दाब टाकते. दाब ओळखायची युक्ती सोपी आहे, रीत मोडून बघायची. अभ्यासिकेत ‘अजून एक अटेम्प्ट’ हा नियम कोणी काढलेला नाही, कुठे लिहिलेला नाही. पण एखाद्याने दुसऱ्या अपयशानंतर बॅग भरली की रूममेट, क्लासचे सर, गावाकडचे काका सगळे एका सुरात बोलायला लागतात. तो सूर म्हणजे सामाजिक तथ्य.

दोन वर्षांनी, १८९७ मध्ये, त्याने आत्महत्येवरचा अभ्यास छापला. माणसाची सर्वांत खासगी वाटणारी कृती घेऊन तिचा दर मात्र समाज ठरवतो, हे दाखवायचं त्याने ठरवलं. त्याचा भाचा मार्सेल मॉस याने सुमारे २६,००० नोंदी वर्गवारी करून दिल्या. पुस्तकाची बांधणी शिकण्यासारखी आहे. आधी तो प्रतिस्पर्धी कारणं एकेक करून बाद करतो: वेड, वंश, हवामान आणि तार्दचं अनुकरण. मग धर्म, कुटुंब, राजकीय उलथापालथ यांच्याशी दर ताडून बघतो. प्रोटेस्टंट भागांत दर जास्त, कॅथलिक भागांत कमी. मुलंबाळं असलेल्यांत कमी. आणि आर्थिक मंदीतच नव्हे तर अचानक आलेल्या भरभराटीतही दर वाढतो. केवळ गरिबीचं कारण इथे गळून पडतं. इच्छांना मर्यादा घालणारी प्रमाणकं ढिली पडली की माणूस अधांतरी होतो, या अवस्थेला त्याने ॲनॉमी म्हटलं.

या पुस्तकात दोन जागा कमकुवत आहेत आणि उत्तरात त्या आल्याच पाहिजेत. सरकारी आकडे म्हणजे कोणीतरी घेतलेले निर्णय असतात. ज्या समाजात आत्महत्या हे पाप, तिथे मृत्यूची नोंद वेगळ्या नावाने होण्याची शक्यता जास्त, हा आक्षेप जॅक डग्लस यांनी १९६७ मध्ये सविस्तर मांडला. दुसरी जागा तर्काची. प्रोटेस्टंट जिल्ह्यात दर जास्त म्हणजे प्रोटेस्टंट माणसंच जास्त आत्महत्या करतात असं सिद्ध होत नाही. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या जनगणनेवरून हे दाखवलं: ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त तिथे निरक्षरता कमी दिसते, पण माणसागणिक बघितलं तर परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता जास्त निघते. ते लोक मुळात साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच. जिल्हावार आकड्यांवरून माणसांबद्दल बोलण्याची ही चूक वर्तमानपत्रांत आजही रोज होते.

माक्स वेबर वेगळ्या टोकाने सुरुवात करतो. माणूस जे करतो त्याला तो स्वतः काय अर्थ देतो? सरकारी नोकरीपेक्षा जास्त पगाराचं काम सोडून मुलगा अभ्यासिकेत बसतो, तेव्हा नुसत्या पगाराच्या हिशोबाने ते कळत नाही. वेबरने वर्ग आणि दर्जा वेगळे काढले ते याचसाठी. बाजारातली पत वर्गात मोडते, समाजातला मान दर्जात. तहसीलदार ही पोस्ट आधी दर्जा आहे, मग पगार.

नोकरशाहीची त्याने सांगितलेली लक्षणं, म्हणजे ठरलेलं कार्यक्षेत्र, उतरंड, लेखी फायली, परीक्षेतून निवडलेला प्रशिक्षित अधिकारी, पगारी पूर्णवेळ काम, कार्यालय आणि घर यांची फारकत, सगळ्यांना पाठ असतात. हे आदर्श प्रारूप आहे, म्हणजे मोजपट्टी म्हणून काढलेलं टोकदार चित्र. ‘वेबरला नोकरशाही चांगली वाटत होती’ असं लिहिणारे इथे घसरतात. उलट तिच्या थंड अचूकतेत माणूस अडकून पडेल याची त्याला धास्ती होती. त्याच लेखनात परीक्षा आणि पदविकांवर एक तीक्ष्ण निरीक्षण आहे, ते आपल्या अभ्यासिकेला थेट लागू पडतं. प्रमाणपत्रांची मागणी वाढते ती ज्ञानाची तहान वाढल्यामुळे नव्हे. मोक्याच्या जागांवर येणाऱ्यांची संख्या मर्यादित राहावी आणि त्या प्रमाणपत्रधारकांकडेच राहाव्यात म्हणून.

क्लासच्या सरांचाही विचार वेबरकडे आहे. त्यांचा शब्द चालतो तो कोणत्या नियमाने नव्हे, व्यक्तित्वाच्या जोरावर, म्हणून ते करिष्म्याचं अधिपत्य. पण करिष्मा टिकवायचा तर नोट्स, शाखा, ठरलेले व्याख्याते लागतात आणि हळूहळू क्लास स्वतःच कार्यालयासारखा होतो.

प्रोटेस्टंट नीतीवरचा निबंध (१९०४-०५) वाचताना ‘मार्क्स म्हणतो अर्थ, वेबर म्हणतो धर्म’ अशी जोडी लावू नये. एकतर्फी भौतिक स्पष्टीकरणाच्या जागी तेवढंच एकतर्फी आध्यात्मिक स्पष्टीकरण ठेवायचं नाही, हे वेबरने निबंधाच्या शेवटी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

टॅलकॉट पार्सन्सने वेबरचा हाच निबंध १९३० मध्ये इंग्रजीत आणला आणि पुढे सगळ्या समाजव्यवस्थांना लागू पडेल असा चार कार्यांचा आराखडा बांधला: परिस्थितीशी जुळवून घेणं, उद्दिष्ट गाठणं, घटकांना एकत्र ठेवणं आणि मूल्यांचा साचा जपणं. आराखडा भव्य आहे, पण त्याने अभ्यासिकेबद्दल नवं काही कळत नाही. त्याचाच विद्यार्थी रॉबर्ट मर्टन मात्र इथे खूप देतो.

मर्टनचा १९३८ चा निबंध जेमतेम दहा-अकरा पानांचा आहे. समाज सगळ्यांना एकच उद्दिष्ट दाखवतो, पण तिथे पोचायचे मान्य मार्ग सगळ्यांना सारखे देत नाही. या ताणाला माणसं पाच तऱ्हांनी सामोरी जातात. उद्दिष्ट आणि मार्ग दोन्ही मान्य करून वेळापत्रक लावून अभ्यास करणारा हा अनुसारी. उद्दिष्ट मान्य पण मार्ग आडवा, तो नवप्रवर्तक. पेपर फोडणारा, डमी उमेदवार बसवणारा इथे येतो. तिसरा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कर्मकांडी: पोस्ट निघेल ही आशा संपली आहे, तरी रोज सकाळी सातला येऊन टेबल धरतो, कारण येणं एवढंच उरलं आहे. चौथा दोन्ही सोडून देतो. पाचवा बंडखोर, त्याला उद्दिष्ट आणि मार्ग दोन्ही बदलायचे असतात.

उत्तरं इथे एका ठराविक जागी चुकतात. २०२३ च्या सुरुवातीला राज्यसेवेचा वर्णनात्मक पॅटर्न लगेच लागू करू नये म्हणून पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर आले आणि तो २०२५ पासून लागू करायचं ठरलं. आंदोलन दिसलं की ‘बंडखोर’ लिहायचा मोह होतो. पण तिथे उद्दिष्ट कोणी नाकारत नव्हतं. मागणी मार्गाच्या वेळापत्रकाबद्दल होती. मर्टनच्या तक्त्यात ही माणसं अनुसारीच्या घरात बसतात, आणि तक्ता इथे थोडा तोकडा पडतो हेही नोंदवायला हवं. प्रकट आणि अप्रकट कार्य हा मर्टनचाच भेद. परीक्षेचं प्रकट कार्य अधिकारी निवडणं. लाखो तरुणांची बेकारी ‘तयारी’ या सन्मानाच्या नावाखाली झाकली जाणं हे अप्रकट.

निवड होते ती कोणाची, हा प्रश्न पिएर बूर्दियचा. १९७० मध्ये त्याने झां-क्लोद पास्रों यांच्याबरोबर फ्रेंच शिक्षणव्यवस्थेवर लिहिलं. शाळा सगळ्यांना एकच परीक्षा देते, पण त्या परीक्षेत मोजली जाणारी भाषा, उच्चार, बसण्या-बोलण्याची सहजता काही मुलांना घरातच मिळालेली असते. हे सांस्कृतिक भांडवल. ते तीन रूपांत असतं: अंगात मुरलेलं, पुस्तकं-वस्तूंच्या रूपात, आणि पदवीच्या कागदात. मुलाखतीत पॅनेलसमोर सहजपणे हसून ‘मला हे माहीत नाही, सर’ म्हणता येणं पहिल्या प्रकारात मोडतं. मॉक इंटरव्ह्यूचा बाजार हे भांडवल आठवड्याभरात विकत देऊ बघतो. ते पूर्ण जमत नाही, कारण सहजता घोकली की तिचं घोकणं दिसतं.

हाच विचार पुण्यात ८८ वर्षं आधी सरकारदरबारी मांडला गेला होता. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. त्यातून शिकलेलेच सरकारी कचेऱ्यांत बसतात. म्हणून किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. ‘विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले’ या ओळी आपण भिंतींवर लिहितो. त्या कारणांची साखळी म्हणून वाचा, एकेक कडी तपासता येते. फुल्यांना समाजसुधारक म्हणून एका धड्यात आणि बूर्दियला सिद्धांतकार म्हणून दुसऱ्या धड्यात ठेवणारा अभ्यासक्रम या साखळीवर पाणी सोडतो.

छोट्या व्यवहारांकडे बघणारे विचारवंत थोडक्यात. गेओर्ग झिमेलने दोन आणि तीन या संख्यांतला फरक दाखवला. खोलीत दोन कॉट असतात तेव्हा एक गेला की नातं संपतं. तिसरी कॉट आली की मध्यस्थ, भांडणाचा फायदा उठवणारा, दोघांत फूट पाडणारा, अशा भूमिका जन्माला येतात, माणसं कोणतीही असोत. जॉर्ज हर्बर्ट मीड सांगतो की ‘मी’ तयार होतो तो इतरांच्या नजरेतून स्वतःकडे बघायला शिकल्यावर. अर्व्हिंग गॉफमन रंगमंच आणि पडद्यामागची जागा वेगळी काढतो. गावाकडे फोनवर ‘अभ्यास जोरात चालू आहे’ हे मंचावरचं, आणि चहाच्या टपरीवरचं बोलणं पडद्यामागचं.

कोणाच्या जागेवरून बघायचं, हा वेगळाच प्रश्न. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय वस्तीचा घरोघरी जाऊन केलेला अभ्यास १८९९ मध्ये छापला आणि तरी अमेरिकन समाजशास्त्राने त्यांना दशकानुदशकं दारात उभं ठेवलं. डोरोथी स्मिथ यांनी बायकांच्या रोजच्या कामापासून सुरुवात करायला सांगितलं. पुणे विद्यापीठात शिकवणाऱ्या शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रियांच्या जागेवरून जात आणि लिंगभाव एकत्र वाचण्याची मांडणी केली. त्यांच्या नजरेने बघितलं तर अभ्यासिकेच्या चित्रात आतापर्यंत न आलेल्या बायका दिसायला लागतात: मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या, आणि लग्नाचं वय टळतंय म्हणून घरून एक-दोन वर्षांचीच मुदत मिळालेल्या विद्यार्थिनी. मर्टनच्या पाच तऱ्हांत या मुदतीला घर नाही.

पुण्याला मोजून बघण्याची परंपराही आहे. शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास छापला. सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर होतं, १९१५ च्या सुमाराला ते ७ एकरांवर आलं होतं. वाटण्यांनी जमीन कशी तुटत जाते ते त्यांनी गटागटाने दाखवलं. शेतकऱ्याचा मुलगा पोस्टकडे का बघतो याचं एक कारण या तक्त्यात आहे. गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी दोन भागांत, १९४५ आणि १९५२ मध्ये, प्रसिद्ध केली. डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांवरचा ग्रंथ १९५३ मध्ये लिहिला. एका मूळ जातीची शकलं होऊन पोटजाती झाल्या, असं त्यांचे गुरू गो. स. घुर्ये मानत. कर्व्यांनी महाराष्ट्रातल्या कुंभारांसारख्या गटांची उदाहरणं घेऊन उलट बाजू मांडली: वेगवेगळे अंतर्विवाही गट सारख्या धंद्यामुळे एका नावाखाली आले.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी अभ्यासिकेची पाहणी करणार असाल तर तीसेक मुलाखती पुरतात, पण त्यांत निम्म्या मुली हव्यात, आणि सकाळ आणि रात्र दोन्ही वेळा जायला हवं. अटेम्प्ट किती झाले हे विचारण्याआधी खर्च कोण करतं हे विचारा, उत्तरं मोकळी येतात. सर्वांत मोठा धोका हा की अभ्यासिकेत भेटतात ते टिकलेले. परत गेलेले तिथे नसतातच. निदान पाच-सहा परत गेलेल्यांशी फोनवर बोलल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

मूळ लेखन वाचायचं असेल तर आंबेडकरांच्या १९१६ च्या निबंधापासून सुरुवात करा. तो छोटा आहे आणि यंत्रणा म्हणजे काय ते त्यात उघड दिसतं. मग मर्टनचा १९३८ चा निबंध, दुर्खाइमच्या ‘नियमां’चं पहिलं प्रकरण, वेबरचा नोकरशाहीवरचा भाग, कम्युनिस्ट जाहीरनाम्याचा पहिला भाग. बूर्दिय त्यानंतर, कारण त्याची वाक्यं लांब असतात आणि मार्क्स, दुर्खाइम आणि वेबर माहीत आहेत असं तो गृहीत धरतो. पार्सन्स सर्वांत शेवटी, आणि तोही परीक्षेत असेल तरच. गाईड वापरायला हरकत नाही, फक्त मूळ मजकूर वाचून पान भरल्यावर. आधी गाईड उघडलं की पाचव्या रकान्यात त्याचेच आक्षेप उतरतात आणि ते हजार उत्तरपत्रिकांत तसेच सापडतात.